चौथा अध्याय

"हे तुमच्यापाशीच ठेवा," आई म्हणाल्या आणि त्यांनी आपलं बायबल बाबांच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवलं. त्यात त्यांचा चष्माही होता. "मी चहा करीन, सैपाक करीन, तुमचे कपडे धुईन. त्यात कमी पडलं तर सांगा. पण इथं बसायला मला बोलवू नका."

शामूचं दफन होऊन आठवडा झाला होता. शामू, म्हणजे शमुवेल, त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा नवरा. आई स्वयंपाकघरात गेल्या, दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बाबांनी ते बायबल उचललं आणि आई रोज बसायच्या त्या जागेवर नीट ठेवलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अनू, कुठवर आलो होतो आपण?"

मी सांगितलं, आणि आम्ही दोघं वाचायला लागलो.

त्या घरात उपासनेशिवाय चहा मिळत नसे. लग्न होऊन आले तेव्हा मला खरा धक्का याचाच बसला होता. माझं माहेर पुण्याचं. आम्हीही ख्रिस्ती, पण आमच्याकडे बायबल निघायचं ते नाताळात, नाहीतर कुणाला दवाखान्यात हलवलं तर. इथे नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, मिशन कंपाउंडमधल्या त्या बैठ्या घरात रोज सकाळी सतरंजी पडायची आणि चौघांनी मिळून एक अध्याय वाचायचा. पाळीपाळीने एकेक वचन. बाबा, आई, शामू, मी, की पुन्हा बाबा. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, आणि संपलं की पुन्हा उत्पत्ती. गाळायचं म्हणून काही नाही. बाबा गावच्या चर्चचे पाळक, आता निवृत्त झालेले, पण लोक त्यांना पाळकसाहेबच म्हणत आणि तेही घरात तसेच वागत. वंशावळीचे अध्याय आले की मला जांभया आवरत नसत. शामू ती नावं शाळेत हजेरी घ्यावी तशी वाचायचा आणि मी तोंडातल्या तोंडात 'हजर' म्हणायचे. एकदा आईंनी ते ऐकलं. मला वाटलं, झाली आपली शोभा. बघते तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

शामूचं नाव आईंनी ठेवलेलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांना मूल नव्हतं. शास्त्रातल्या हन्नाने देवाच्या मंदिरात रडून रडून मुलगा मागितला, त्या मुलाचं नाव शमुवेल. आईंनीही तसाच मागितला होता, म्हणून हाही शमुवेल. बाबा तेव्हापासून आईंना 'शामूची आई' अशीच हाक मारत.

तो साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता. फेब्रुवारीत, गळिताचा हंगाम जोरात असताना, एका सकाळी पाळी अर्धी टाकून घरी आला. डोकं फार दुखतंय म्हणाला आणि आईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला. मी जीप बघायला पळाले. घेऊन आले तेव्हा आई तशाच बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "हळू. डोळा लागलाय त्याचा." डोळा लागलेला नव्हता. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

माणसं भेटायला यायची. बाबांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या दारी जाऊन जे शब्द सांगितले होते, तेच लोक आता त्यांना आणून देत होते. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई आईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चांगली फुलं देव लवकर खुडतो हो."

"मग आपल्या बागेत लावावीत त्यानं," आई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या कशाला खुडतो?"

बाई चहा न घेताच उठल्या. त्या गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "चांगल्या मनानं बोलल्या गं त्या."

"चांगल्या मनानं बोलल्या, पण बोलल्याच ना?"

त्यानंतर दोनच दिवसांनी आईंनी आपलं बायबल परत केलं.

मग रोज सकाळी तेच. बाबा सतरंजी घालायचे, आईंचं बायबल त्यांच्या जागेवर ठेवायचे, आत स्टोव्हचा आवाज सुरू व्हायचा आणि बाहेर आम्ही दोघं एकेक वचन वाचायचो. मी वाचून झालं की बाबा, बाबांचं झालं की मी, मध्ये कुणीच नाही. तरी बाबांचं वचन संपलं की मी जरा थांबायचे. अजून दोन पाळ्या आहेत असं वाटायचं. बाबांच्याही ते ध्यानात यायचं, पण ते कधी घाई करत नसत.

बाबा फार मोठ्याने वाचायचे. भरल्या देवळात वाचावं तसं. सतरंजीवर मी एकटी, हातभर अंतरावर, आणि हे आपले बंद दाराकडे तोंड करून वाचतायत. मला वाटायचं, कानाला धरून बाहेर ओढायचा बेत आहे यांचा. आणि बाहेर 'आमेन' व्हायला आणि आतली कडी निघायला एकच गाठ पडायची. चहा घेऊन आई यायच्या. एका सकाळी बाबांची प्रार्थना लांबली, तर चहाही तेवढाच लांबला.

मी एकदा विचारलं, "आई, आत ऐकू येतं ना तुम्हाला?"

"भिंत पातळ आहे," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या.

एकमेकांशी त्यांचं बोलणं भाजी काय आणू आणि पाणी आलं का, एवढ्यावर आलं होतं. बाबांनी आईंना हाक मारणंच बंद केलं. शामूची आई म्हणता येईना आणि दुसऱ्या हाकेची सवय राहिली नव्हती. नुसतेच उंबऱ्यात येऊन उभे राहायचे. मला फार भीती वाटायची. वाटायचं, ते दार असंच राहिलं तर ही दोन माणसं एका घरात, दोन खोल्यांत, एकमेकांना न भेटता म्हातारी होऊन मरून जातील. माझं मला काय वाटत होतं, ते मात्र मी बघतच नव्हते. पुण्याहून भाऊ न्यायला येतो म्हणून निरोप येत होते. मी पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत होते. या दोघांना सोडून जाणं जिवावर यायचं आणि राहावं तर कशासाठी, तेही कळत नव्हतं.

उन्हाळा लागला. आमचं वाचन राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आलं होतं. तिसरा अध्याय नुसत्या लढाईचा. त्याच्या शेवटी एका राजाचा थोरला मुलगा जातो. ते वचन बाबांच्या पाळीला आलं आणि त्यांनी ते इतकं भराभर वाचलं की मला अर्धं कळलंच नाही. प्रार्थनाही दोन वाक्यांत उरकली.

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर बसल्या बसल्या म्हणाले, "पाचवा काढ. नामानाचा."

माझं शास्त्राचं ज्ञान यथातथाच. शिवाय रोज वाचत होते त्यातलं काहीच डोक्यात शिरत नव्हतं. चौथा होऊन गेला असेल, असं समजून मी पान उलटलं. बाबांनी पहिलं वचन वाचलं. अरामाच्या राजाचा सेनापती, मोठा शूर, पण अंगाला कोड. आज आवाज मात्र पडलेला होता. मी दुसरं वाचलं. बाबा तिसरं वाचायला लागले आणि आत स्टोव्ह बंद झाला.

कडी निघाली. आई दारात उभ्या होत्या, हाताला पीठ लागलेलं.

"चौथा कुठं गेला?"

बाबांनी मान वर केली नाही. "चुकलं असेल."

"चुकलं? तुमचं?" आई म्हणाल्या. "माझ्या बाळंतपणात बाहेर बसून लेवीयाचं पुस्तक वाचत होतात. ताप भरला तरी वंशावळ सोडली नाहीत. काल तिसरा झाला. आज पाचवा. चौथा कुठं गेला?"

"तुला त्रास होईल, म्हणून."

"मला? मी दार लावून आत बसलेली. मला काय त्रास व्हायचाय?"

मी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. चौथ्या अध्यायात असं काय आहे, ते मला खरंच माहीत नव्हतं. बाबांनी चष्मा काढला. उघड्या बायबलावर पालथा हात ठेवून बसून राहिले.

"माझ्याच्यानं वाचवणार नाही तो," ते म्हणाले. "काल रात्री काढून बघितला. नाही वाचवत."

 आईंनी पदराला हात पुसले, आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. इतक्या आठवड्यांनंतर. बायबल उघडलं, चष्मा लावला.

"मी वाचते," म्हणाल्या.

आई वाचायच्या त्या अक्षरांखाली बोट धरून, सावकाश. त्या दिवशी पाळ्या नव्हत्या. त्या वाचत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी त्या घरात शास्त्र ऐकलं, असं म्हणायला हरकत नाही.

शुनेम नावाच्या गावात एक खाऊनपिऊन सुखी बाई होती. देवाचा संदेष्टा जाता-येता तिच्याकडे जेवायचा, म्हणून तिने माडीवर त्याला खोली करून दिली. पलंग, मेज, खुर्ची, दिवा, सगळं. तिला मूल नव्हतं. संदेष्टा म्हणाला, तुला मुलगा होईल. ती म्हणाली, मला उगीच खोटी आशा लावू नका. पण झाला मुलगा. मोठा झाला आणि एक दिवस शेतात बापाकडे गेला.

आईंचं बोट थांबलं. मग पुन्हा सरकलं.

शेतात तो मुलगा बापाला म्हणाला, माझं डोकं, माझं डोकं. बापाने गड्याला सांगितलं, याला आईकडे ने. आणि तो आईच्या मांडीवर दुपारपर्यंत बसला आणि मेला.

 मी पटकन आईंकडे बघितलं. त्यांचा आवाज तेवढाच होता, चढला नाही की पडला नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

त्या बाईने मुलाला संदेष्ट्याच्या पलंगावर निजवलं, दार लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, एक गाढवी दे, मला जायचंय. तो म्हणाला, आज कशाला? आज ना सण ना शब्बाथ. ती म्हणाली, ठीक आहे.

"नवऱ्याला सांगितलंसुद्धा नाही," आई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "ठीक आहे म्हणाली."

आणि त्यांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं.

वाटेत संदेष्ट्याचा चाकर भेटला. त्याने विचारलं, तू बरी आहेस ना, नवरा, मुलगा बरा आहे ना? त्यालाही तिने तेच सांगितलं. आणि डोंगरावर पोचल्याबरोबर संदेष्ट्याचे पाय धरले. चाकर तिला ओढून बाजूला करायला लागला. इथे आई थांबल्या. आपलं बायबल त्यांनी बाबांच्या मांडीवर सरकवलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"हे वचन तुमचं."

बाबांनी चष्मा लावला. संदेष्टा चाकराला म्हणतो, राहू दे तिला, तिचा जीव फार कष्टी आहे. एवढं त्यांनी वाचलं. पुढचे शब्द त्यांना दिसत होते, ओठ हलत होते, पण आवाज येईना. मी वाकून बघितलं. परमेश्वराने हे माझ्यापासून लपवून ठेवलंय, मला कळवलेलं नाही, असं तो संदेष्टा म्हणत होता.

"मलाही नाही कळवलं गं," बाबा म्हणाले आणि रडायला लागले.

तोंड झाकून वगैरे नाही. लहान मूल रडतं तसे, मोठ्याने. शामूच्या कबरेपाशी त्यांनी स्वतः प्रार्थना चालवली होती, एकदाही आवाज कापला नव्हता. लोक म्हणाले होते, केवढा विश्वास! मीही म्हटलं होतं.

"लोक येतात, म्हणतात, पाळकसाहेब, असं का झालं? मी काहीतरी सांगतो. जन्मभर सांगत आलो. लोकांची पोरं गेली, तेव्हाही सांगितलं. मला काहीच कळवलेलं नाही. काहीसुद्धा नाही."

आई सरकून त्यांच्याजवळ गेल्या. पाठीवर हात ठेवला. पुसूनही राहिलेल्या पिठाची बोटं सदऱ्यावर उमटली.

"मग रोज एवढ्या मोठ्यानं मला कशाला ऐकवत होतात?"

"तुला ऐकवायला नाही गं," बाबा म्हणाले. "तू दाराआड बसून ऐकतेयस, एवढं ठाऊक होतं म्हणून मला वाचता येत होतं. तू नसतीस तर केव्हाच मिटून ठेवलं असतं."

मी इतके दिवस बाबांशेजारी बसत होते, ते या माणसाला आपला आधार हवा म्हणून. आधार दाराच्या पलीकडे होता. मला वाईट नाही वाटलं. उलट हलकं वाटलं.

"हा अध्याय येणार, ते मला माहीत होतं," आई म्हणाल्या. "वाट बघत होते मी. म्हटलं, बघू, यावर हे काय बोलतात. मोठ्या विश्वासाचं काही बोलला असतात ना तुम्ही, तर मी परत कधी या सतरंजीवर आले नसते. आणि तुम्ही तर गाळूनच मोकळे झालात!"

बाबा रडता रडता हसले. मग पुन्हा रडले.

"सगळेच ठाऊक असल्यासारखं बोलतात," आई म्हणाल्या. "ज्याला ठाऊक आहे त्याच्याशेजारी मला बसवत नव्हतं हो."

थोड्या वेळाने त्या माझ्याकडे वळल्या. "अनू, पुढचं तू."

पुढचं वचन त्या बाईचं होतं. ती संदेष्ट्याला विचारते, मी तुमच्याकडे मुलगा मागितला होता का? मला फसवू नका, असं मी म्हटलं नव्हतं का? मी ते वाचलं. कुणी देवाच्या माणसाशी असं तोंड सोडून बोलतं आणि ते शास्त्रात लिहून ठेवतात, हे मला नवीनच होतं.

"तिनं मागितला नव्हता," आई म्हणाल्या. "मी मागितला होता. पदर पसरून मागितला होता. तरी तिचा तिला परत मिळाला."

"परत मिळाला म्हणजे?"

"पुढं उठतो तो पोरगा. जिवंत होतो."

मी बायबल मिटलं. जरा आपटलंच म्हणा ना. मला त्या शुनेमच्या पोराचा राग आला. तो कोण, कुठला, हजारो वर्षांपूर्वीचा, त्याचंही डोकंच दुखलं, तोही आईच्या मांडीवरच गेला, आणि तो उठला. आणि माझा शामू कंपाउंडच्या पलीकडे मातीत होता. "मला नाही वाचायचं पुढचं," मी ओरडले. "त्याला उठवलं, मग शामूला का नाही? काय कमी केलं होतं आपण? रोज तर बसत होतो इथे!" आणि मला रडू फुटलं. आतापर्यंत मी रडले होते ते लोकांसमोर, लोक रडायचे म्हणून. हे रडणं वेगळंच होतं. ते थांबेना. आईंनी मला ओढून जवळ घेतलं, माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि त्याच मांडीवर मी किती वेळ होते कोण जाणे.

"भांड," आई म्हणत होत्या. "तीही भांडली. पण बघ, भांडायलासुद्धा गेली ती त्याच्याचकडे. गाढवीवर बसून एवढा डोंगर चढून गेली. आणखी कुणाकडे जाणार होती बाई? मी दार लावून बसले, पण आत तरी कुणाशी बोलत होते? कणीक मळता मळता त्याच्याशीच भांडत होते. त्याच्याशिवाय कुणाला एवढं बोलता येतं?"

बाबा म्हणाले, "आजच्यापुरतं इथं थांबूया."

"नाही," आई म्हणाल्या. "अर्धा ठेवायचा नाही."

पुढचं सगळं त्यांनीच वाचलं. संदेष्टा येतो, खोलीत शिरतो, दार लावून प्रार्थना करतो. मुलाच्या अंगात ऊब येते. तो शिंकतो, डोळे उघडतो. त्याच्या आईला बोलावून संदेष्टा म्हणतो, घे तुझा मुलगा. ती त्याला घेते आणि बाहेर जाते. आईंनी अध्यायातलं उरलेलं थोडंही वाचलं आणि बोट काढलं. आमच्या घरात कुणी उठलं नाही. बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता, हौदावर बायका पाणी भरत होत्या.

"प्रार्थना तू कर, शामूची आई," बाबा म्हणाले.

तसं म्हटल्यावर ते स्वतःच दचकले. पण आईंनी 'ओ' दिली, तशीच, पूर्वी देत होत्या तशी. डोळे मिटले. आई प्रार्थनेत कधी पुस्तकी बोलत नसत, त्या दिवशी तर नाहीच.

"देवा, तिचा पोरगा उठवलास, बरं केलंस. आईचा जीव होता तो. आमचा नाही उठवलास. का, ते यांना सांगितलं नाहीस, मलाही सांगू नको. आता सांगितलंस तरी मला पटायचं नाही. माझा राग गेलेला नाही, तुला दिसतंयच. यांच्याकडं बघ, म्हातारे झालेत. ही लेक आहे माझी, तिला माहेरी जायचं असेल तर जाऊ दे, राहायचं असेल तर राहू दे, पण तिला एकटी टाकू नको. आज एवढंच. अजून पुष्कळ बोलायचंय तुझ्याशी. उद्या येते."

'आमेन' त्यांनी म्हटलं नाही. ते बाबांनी म्हटलं, आणि बऱ्याच वेळाने मी.